टिंब दिलेले दिवस

९ जानेवारी

भिंगरी,

त्या सकाळी मी शेजारच्या शिंपीणबाईंच्या नळावरून चार बादल्या पाणी आणलं. दोन पिंपात ओतल्या, एक मोरीत ठेवली आणि चौथीत तुझ्या काकांचे कपडे भिजत घातले. कपडे कसले, चिखलाचे गोळेच. मग ओटा पुसला, दूध तापवलं, कामावर आलेल्या तिघांसाठी चहा टाकला आणि अंगणात गेले, तर हे विहिरीच्या कठड्यावर पालथे पडून आत बघत होते. मी म्हटलं, "अहो, पडाल." तर आतून घुमल्यासारखा आवाज आला, "पडलो तरी बुडणार नाही. पाणीच नाहीये!"

विहिरीतला गाळ काढला तेव्हाची ही गोष्ट. पंप लावून सगळं पाणी उपसलं होतं. तीन दिवस विहीर कोरडी ठणठणीत होती, चौथ्या दिवशी झरे वाहू लागले. तू पाठवलेल्या तक्त्यात मात्र त्या तीन दिवसांपुढे ४.६२, ४.६३ आणि ४.६५ असे आकडे आहेत. म्हणजे कठड्याखाली साडेचार मीटरवर पाणी. कोरड्या विहिरीत एवढं पाणी कोणी आणून ओतलं ते मला कळव. शिंपीणबाईंनी तर नक्कीच नाही. चार बादल्यासुद्धा त्यांनी तोंड वाकडं करून दिल्या होत्या.

तू म्हणाली होतीस, "काकू, लेख नियतकालिकाकडे गेलाय, स्वीकारल्यातच जमा आहे, तुम्ही सहज नजर टाका." मला सहज काही वाचता येत नाही. मी चौथीतून शाळा सोडली, पुढचं वाचन संसार करता करता आलं. उशिरा शिकलेल्या माणसाला प्रत्येक ओळ वाचावीच लागते. लेख सगळा कळला नाही, पण आकडे कळतात. पट्टी धरून, एका बाजूला यांच्या तेवीस वह्या आणि दुसऱ्या बाजूला तुझा तक्ता, असे तीन आठवडे बसले. वहीत रकाना रिकामा आणि तक्त्यात आकडा, असे एकशे नव्वद दिवस मोजले आणि मग थांबले.

पहिल्या पानावर तुझ्या नावाच्या आधी यांचं नाव आहे, ते मी तीनदा वाचलं. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काचेची नळकांडी धुतली, पण त्यांना कोणी 'सर' म्हटलं नाही. 'अहो लॅबवाले' हीच हाक. घरच्या विहिरीचं पाणी रोज सकाळी सात वाजता मोजायचे, त्याला लोक खूळ म्हणायचे. ते जाऊन दोन वर्षं झाली आणि आता तू त्या खुळाचा लेख केलास. म्हणून विचारते. त्यांच्या नावाखाली कोरड्या विहिरीतलं पाणी छापून यायला नको.

पत्रच लिही. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनानं भरते.

तुझी काकू


१८ जानेवारी

काकू, नमस्कार.

पत्र वाचून आधी हसले आणि मग वहीचे फोटो उघडून ते तीन दिवस शोधले.

खरं सांगते. गेल्या वर्षी तुमच्याकडे येऊन मी वह्यांच्या पानांचे फोटो काढले, आठवतंय? तुम्ही म्हणालात, "लग्नात नवरा-नवरीचे नसतील काढले इतके." साडेआठ हजार आकडे हाताने टाइप करायचे तर सहा महिने गेले असते. म्हणून मी ते फोटो एआयला दिले आणि सांगितलं, हे वाच आणि व्यवस्थित तक्ता करून दे. पहिल्या दोन वह्यांचा तक्ता मी स्वतः ताडून पाहिला. एक आकडा चुकला नव्हता, काकांचा वाकडा सातसुद्धा त्याला बरोबर कळला होता. मग मी पुढच्या एकवीस वह्या न ताडता सोडून दिल्या. पहिली दोन वर्षं काका नव्या उत्साहात होते, तेव्हा एकही दिवस रिकामा नव्हता. त्यामुळे रिकाम्या दिवसांचं ते काय करतं हे मला कधी दिसलंच नाही. मी 'व्यवस्थित' म्हटलं आणि त्याने अलीकडचा-पलीकडचा आकडा बघून मधली भोकं बुजवली. मला विचारलं नाही. आणि मीही विचारलं नाही, की काका तेवीस वर्षांत एकदाही आजारी कसे पडले नाहीत.

आणखी एक आहे. लेख पाठवताना एक रकाना भरायचा असतो: यंत्राची मदत घेतली का, कुठे आणि कशासाठी. मी लिहिलं, 'फक्त भाषा सुधारण्यासाठी'. तक्त्याचं लिहिलं नाही. उगीच शंका काढत बसतील असं वाटलं.

गाईड सरांना काल सांगितलं. ते म्हणाले, "अगं, साडेआठ हजारांत दोनशे आकडे. निष्कर्षाला धक्का लागत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची." निष्कर्ष तुम्हाला माहीत आहे: वरच्या बाजूला शाळेच्या मैदानाजवळ तळं खोदल्यापासून आपल्या विहिरीचं पाणी दर वर्षी थोडं थोडं वर येतंय. तो खरा आहे, काकू. लेख छापून आला की मे महिन्यात माझी तोंडी परीक्षा आणि मग पदवी. संपादकांना आता कळवलं तर लेख परत येईल. कदाचित कायमचा.

काय करू?

भिंगरी


२५ जानेवारी

भिंगरी,

तू 'काय करू' असं विचारलंस, म्हणजे तुला ते माहीत आहे. ज्याला माहीत नसतं तो विचारत नाही, करून मोकळा होतो.

तुझ्या सरांची मूठ झाकलेली असेल, पण वह्या माझ्या कपाटात उघड्या आहेत. उद्या कोणी दुसरी भिंगरी येऊन त्या बघेल तेव्हा लबाड कोण ठरेल? यंत्र नाही. त्याला ना नाव ना गाव. ठरतील हे. पहिलं नाव त्यांचं आहे.

मी यंत्रावर रागावलेले नाही. आमच्याकडे कामाला एक बाई होत्या, फार नीटनेटक्या. यांच्या टेबलावरचे कागद उंचीप्रमाणे लावून ठेवायच्या आणि मग हे आठवडाभर शोधत बसायचे. त्या बाईंचा दोष नव्हता. 'आवरा' एवढंच सांगून आम्ही बाहेर गेलो होतो. कामाला कोणालाही लावावं, पण मागून फिरून बघावं.

संपादकांना सगळं लिही. तो रकानाही खरा भर. तुझी परीक्षा पुढे गेली तर जाऊ दे, तुझं काही लग्नाचं वय टळत नाहीये. (तुझी आई हे वाचणार नाही असं धरून लिहिते.)

मी बाकीच्या वह्या पुन्हा ताडून देईन. शेवटची वही बघायची गरज नाही. ती पूर्ण आहे, तिच्यात रिकामा दिवस नाही, म्हणजे तुझ्या यंत्राला भरायला काही नव्हतं.

काकू


२० फेब्रुवारी

काकू,

लिहिलं. सगळं. पाठवायचं बटण दाबताना डोळे मिटून घेतले होते.

दहा दिवस काहीच उत्तर नाही. मी नखं खाऊन संपवली. मग संपादक बाईंचं लांबलचक पत्र आलं. काकू, त्यांनी लेख फेकून दिला नाही! स्वीकार मात्र मागे घेतला. त्यांनी लिहिलंय, यंत्र वापरलं याचं त्यांना काही वाटत नाही, खराब अक्षर वाचायला त्याचा उपयोगच होतो. वापरलं ते न सांगणं आणि त्याचं काम न तपासणं, या दोन गोष्टी चुकल्या. आता प्रत्येक आकडा दोन माणसांनी मूळ पानावरून ताडायचा, भरलेले आकडे काढून रकाने रिकामे ठेवायचे, आणि यंत्राने काय केलं, माणसाने काय केलं ते लेखातच वेगळ्या परिच्छेदात लिहायचं. मग परत पाठवायचं.

दोन माणसं म्हणजे मी आणि तुम्ही. तुमचं नाव 'मूळ नोंदी ताडणाऱ्या' म्हणून लेखाच्या शेवटी येणार आहे. नाही म्हणू नका, मी आधीच लिहून टाकलंय.

सरांना ते पत्र वाचायला दिलं. तिसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "यंत्राने काय केलं तो परिच्छेद मला दाखव, माझ्या बाकीच्या मुलांनाही द्यायचाय." एवढं म्हणजे त्यांच्याकडून हारतुरेच.

परीक्षा मे महिन्यात होत नाही. एक सत्र पुढे. आईला मी सांगितलंय, तुम्ही सांगू नका.

आता चांगली बातमी. लेख तपासणाऱ्या एका तज्ज्ञांनी लिहिलंय की सगळ्या वह्यांत शेवटची वही सर्वात मोलाची. आजारपणाच्या वर्षात एकही दिवस न चुकता नोंद, आणि पाणी वर येण्याचा कल तिच्यातच सगळ्यात स्पष्ट दिसतो. त्यांना एवढंच हवंय की त्या वर्षी मोजणी कोणी आणि कशी केली याचं चार ओळींचं निवेदन तुमच्या सहीने द्यावं. काका तर अंथरुणावर होते, म्हणजे तुम्हीच मोजत होता ना? चार ओळी. पुढच्या आठवड्यात पाठवाल?

भिंगरी


१४ मार्च

काकू,

तीन आठवडे झाले. शिंपीणबाईंच्या मुलाला फोन केला, तो म्हणाला तुम्ही बऱ्या आहात, फक्त बाहेर दिसत नाही. निवेदनाची घाई नाही, पण तुमचं पत्र नाही याची काळजी आहे. मी काही चुकीचं लिहिलं का?

भिंगरी


१९ मार्च

भिंगरी,

तुझं काही चुकलेलं नाही. चार ओळी लिहायला बसले आणि चार वेळा कागद फाडला. आता चार ओळींत मावणार नाही ते सगळं लिहिते.

यांनी मला मोजायला शिकवलं होतं. टेपेच्या खालच्या मीटरभर भागाला खडू घासायचा, टेप हळूच खाली सोडायची, खडू पाण्यात गेला की कठड्यापाशी किती झाले ते बघायचं. मग वर ओढून ओला खडू कुठपर्यंत गडद झालाय ते वाचायचं आणि वजा करायचं. वजाबाकी मला लग्नाआधीपासून येते. विहिरीच्या खांबाला दोरीने पेन्सिल बांधलेली होती, तिनेच तिथल्या तिथे वहीत लिहायचं. शाईला पाण्याचा थेंब लागला की आकडा पळतो, म्हणून पेन्सिल.

शेवटच्या वर्षी हे आतल्या खोलीत झोपून असायचे. सकाळी सात वाजले की विचारायचे, "किती?" मी मोजून यायचे आणि सांगायचे, "चार चोवीस." ते म्हणायचे, "बरं." एवढंच बोलणं. पण त्या 'बरं'वर त्यांचा दिवस निघायचा.

काही सकाळी मला जाता आलं नाही. कधी त्यांना रात्रभर खोकला झालेला असायचा आणि माझे पाय उचलायचे नाहीत. कधी त्यांना उठवून बसवलेलं असायचं आणि हात सोडवत नव्हता. कधी काहीच कारण नव्हतं, भिंगरी, फक्त कंटाळा आला होता. विहिरीचा, खडूचा, सगळ्याचा. त्या दिवशीही ते "किती?" म्हणायचेच. मी म्हणायचे, "चार बावीस." आणि त्यांच्या उशाशी असलेल्या पेनाने वहीत लिहून टाकायचे, रकाना रिकामा दिसून त्यांना वाईट वाटू नये म्हणून. आकडा सांगताना आदल्या दिवसापेक्षा एक-दोन सेंटीमीटर वरचं पाणी सांगायचे. पाणी वर आलं की त्यांना बरं वाटायचं. तळं खोदावं म्हणून शाळेच्या मागे लागलेले तेच होते ना.

म्हणजे तुझ्या तज्ज्ञांना जो कल इतका स्पष्ट दिसतोय, त्यात माझा हात आहे.

जानेवारीत मी तुला किती ऐटीत लिहिलं होतं. दुसऱ्याचं कुसळ दिसलं, आपलं मुसळ दिसलं नाही. खरं तर दिसलं होतं. म्हणूनच लिहिलं ना, शेवटची वही बघू नकोस. तुझ्या यंत्राने निदान न सांगता भोकं बुजवली. मी तर सांगून लपवलं.

आता वाईट हे आहे की मी कबूल केलं तर वही खोटी ठरते, आणि नाही केलं तर मी. संपादक बाई म्हणतील, बायकोने मनचे आकडे लिहिलेत, हे नाव पहिल्या पानावर कशाला. हा विचार करत पंचवीस दिवस बसले. शेवटी असं वाटलं की तुला जे करायला लावलं ते स्वतः करता येत नसेल तर मी तुला काय शिकवणार. सोबत ती वही रजिस्टर पोस्टाने पाठवते आहे. ती घराबाहेर कधी गेलेली नाही, जपून ठेव. पेन्सिलीचे आकडे मोजलेले आहेत. पेनाचे माझ्या मनाचे. तुझ्या फोटोंत दोन्ही सारखेच काळे आले असतील.

यंत्राला फसवायला यंत्र लागत नाही हे बघ.

काकू


२ एप्रिल

काकू,

वही पोचली. तुम्ही तिला तीन पिशव्या आणि एक टॉवेल गुंडाळला होता. पोस्टमन म्हणाला, "ताई, यात बाळ आहे का?"

आधी हे सांगते: तुमचं पत्र वाचून मी रडले, पण रागाने नाही. पुढचं नीट वाचा.

मी पेनाचे आकडे मोजले. सदतीस. ते काढून टाकले, यंत्राने भरलेले दोनशे सहाही काढले, आणि सगळं गणित पुन्हा केलं. आधी तळं खोदल्यानंतरच्या सहा वर्षांत पाणी बेचाळीस सेंटीमीटर वर आलेलं दिसत होतं. आता एकोणचाळीस. कमी झालं, पण आहे. तळ्याचं पाणी खरंच मुरतंय, काकू. तुमच्या एक-दोन सेंटीमीटरच्या मायेशिवायसुद्धा.

दुसरं. वही हातात घेऊन उजेडात बघितली तेव्हा मला एक गोष्ट दिसली. पेनाच्या प्रत्येक आकड्याशेजारी, उजव्या बाजूला, शाईचं एक बारीक टिंब आहे. आधी वाटलं पेन ठिबकलं असेल. पण सदतीसच्या सदतीस आकड्यांना? आणि ते टिंब थरथरत्या हाताने दिलेलं आहे, तुमच्या ठाम अक्षरासारखं नाही. मग मी जुने फोटो मोठे करून पाहिले. जुन्या वह्यांतही अशी टिंबं आहेत, वर्षातून एखाद-दुसरं. यंत्राने ती कचरा समजून सोडून दिली होती. मीही.

आणि एक टिंब जास्तीचं आहे. शेवटच्या वहीत २९ ऑगस्टला आकडा पेन्सिलीने आहे, तरी शेजारी टिंब आहे. त्या दिवशी पाणी एकदम बावीस सेंटीमीटर वर गेलेलं आहे.

टिंबांचा अर्थ काय ते कुठे लिहिलेलं आहे का? मी फक्त तक्त्यांच्या पानांचे फोटो काढले होते. वह्यांची कव्हरं, आतली पानं, कुठे काही? संपादक बाईंना मी तुमचं सगळं कळवलं आहे, तुम्हाला न विचारता, माफ करा. त्या म्हणाल्या, अर्थाचा पुरावा मिळाला तर बघू. काकांचं नाव ठेवायचं की नाही ते त्यावर आहे.

भिंगरी


१० एप्रिल

भिंगरी,

पहिली वही काढली. हे सगळ्या वह्यांना खाकी कागदाची कव्हरं घालायचे, शाळेतल्यासारखी. पंचवीस वर्षांत मी ते कव्हर कधी काढलं नव्हतं, फक्त फडक्याने पुसलं होतं. काल सुरीने डिंक सोडवला. आतल्या पुठ्ठ्यावर त्यांच्या अक्षरात असं आहे:

'रोज सकाळी सात. पेन्सिलीने लिहिणे. मोजलं नाही तर रकाना रिकामा सोडणे, तो कोणीही मागाहून भरू नये. ज्या आकड्याची खात्री नाही त्याला शेजारी टिंब देणे. टिंब दिलेला आकडा खोडू नये, पण वापरणाऱ्याने जपून वापरावा.'

शिंपीणबाईंच्या मुलाकडून फोटो काढवून घेतला, तो तुला फोनवर येईल.

तर त्यांना माहीत होतं. मला वाटायचं मी त्यांना सांभाळत होते. दुपारी वही मागायचे, उशाशी घेऊन चाळायचे, मी समजायचे वेळ घालवतायत. टिंबं देत होते. कसं कळलं असेल याचा विचार करत काल विहिरीवर जाऊन टेप नुसतीच गुंडाळून बघितली. ती करकर वाजते. आतल्या खोलीची खिडकी तिथून आठ पावलांवर आहे. ज्या दिवशी करकर नाही, त्या दिवशी टिंब.

आणि एकदाही बोलले नाहीत. खोडलं नाही, रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी सात वाजता परत "किती?"

पण २९ ऑगस्टचं मात्र मी ऐकून घेणार नाही! तो आकडा मी खरा मोजलाय. धो धो पाऊस होता, शाळेचं तळं काठोकाठ भरून वाहत होतं. डोक्यावर पोतं घेऊन गेले, खडू दोनदा लावावा लागला, आणि पाणी खरोखरच वीतभर वर आलेलं होतं. पत्र्यावरच्या पावसात यांना टेप ऐकू आली नसणार. झालं, दिलं टिंब! आयुष्यात एकदा बाईने भिजत जाऊन काम करावं आणि नेमकं तेव्हाच शंका. त्या आठवड्याचा पाऊस कुठे नोंदलेला असेल तर काढून बघ. हे चुकले असं मला छापून हवंय.

आता असं वाटतं की खऱ्या आकड्याला ते एकदा 'बरं' म्हणायचे आणि माझ्या मनच्या आकड्याला दोनदा. 'बरं, बरं.' पण दोन वर्षांनी आठवतंय, कोण जाणे खरं की मी भरलेलं. तिथे मी टिंब देते.

काकू


१६ जून

काकू!

स्वीकारला. या वेळी पक्का. काल संपादक बाईंचं पत्र आलं.

पहिलं नाव काकांचं. दुसरं माझं. शेवटी तुम्ही. तक्त्यात रिकामे दिवस रिकामे आहेत आणि शंकेच्या आकड्यांशेजारी टिंब छापणार आहेत, काकांनी दिलं होतं तसंच. त्याखाली त्यांचा पुठ्ठ्यावरचा नियम शब्द न् शब्द. यंत्राने काय वाचलं, काय चुकीचं भरलं, कोणी पकडलं, तेही आहे. संपादक बाईंनी शेवटी लिहिलंय की यंत्राची मदत घेणाऱ्या इतर लेखकांना दाखवायला हे पान त्या वापरणार आहेत.

२९ ऑगस्ट: शाळेच्या पर्जन्यमापकाची नोंद मिळाली. त्या दोन दिवसांत वर्षातला सगळ्यात मोठा पाऊस. तळटीप अशी आहे: 'या दिवसाच्या आकड्यास मूळ नोंदकाराने शंकाचिन्ह दिले असले तरी पर्जन्याच्या नोंदीवरून आकडा बरोबर असावा.' छापून हवं होतं ना? घ्या.

तोंडी परीक्षा नोव्हेंबरमध्ये. तुम्ही यायचं. पहिल्या रांगेत. आणि सर विचारत होते, गेल्या दोन वर्षांचे आकडे आहेत का? मी म्हटलं, काका गेल्यावर कोणी मोजलं नाही. बरोबर ना?

भिंगरी


२२ जून

भिंगरी,

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. शिंपीणबाईंना तळटीप वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "नवरा चुकला हे छापून आणणारी तूच पहिली." मी म्हटलं, असेन.

'असावा' असं का लिहिलंय? 'आहे' लिहायला सांग. बरं, राहू दे. 'असावा'च बरोबर.

सरांना सांग, दोन वर्षांचे आकडे नाहीत. ते गेल्यावर विचारणारं कोणी नव्हतं, म्हणून मी गेले नाही. टेप मात्र दर महिन्याला पुसून ठेवत होते. का, ते मला सांगता येणार नाही.

काल संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून चोविसावी, चांगली जाड वही आणि खडूची पेटी आणली. वहीला खाकी कव्हर घातलं. पहिली पानं तारखा टाकून रिकामी सोडली, सगळी दोन वर्षं.

आज सकाळी सात वाजता मी विहिरीवर गेले, टेपेला खडू लावला आणि पाणी मोजलं. चार मीटर सात सेंटीमीटर. पेन्सिलीने लिहिलं.

काकू